आईचे हात दिसत नव्हते

श्टुटगार्ट, जर्मनी,
रविवार, दुपार

प्रिय ताई,
सा. न.

फोनवर बोलता आलं असतं. पण तुमच्याकडे माझा फोन लागला की स्पीकर सुरू होतो आणि दाजींपासून भांडीवाल्या मावशींपर्यंत सगळे 'जेवलीस का' विचारून जातात. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतेय. एकटी असताना वाच.

मागच्या महिन्यात तू विचारलं होतंस, कुणाचा नवरा जास्त छळतो, तुझा घोरणारा की माझा 'लगेच करतो' म्हणणारा. मी हसण्यावारी नेलं होतं. पण गेले दोन आठवडे जिना झाडताना, भाकरी थापताना माझ्या डोक्यात तोच तराजू चालू आहे.

दाजींचं घोरणं मी आधीच तराजूतून उतरवलं. झोपलेल्या माणसाला जाब काय विचारणार? मात्र तू म्हणालीस की घोरता घोरता आवाज एकदम थांबतो आणि मग ते दचकल्यासारखा श्वास ओढतात, ते काही थट्टेवारी नेऊ नकोस. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, माणूस दिवसा पेंगतो आणि बीपी चढतं. दाजींना बीपीची गोळी चालूच आहे ना? आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा रात्री नाकावर मास्क लावून झोपतात. त्याला जोडलेलं छोटं यंत्र हवा दाबाने आत सोडत राहतं, त्यामुळे वाट उघडी राहते. मिरजेत एवढे दवाखाने आहेत, झोपेची तपासणी कुठे होते ते विचार. त्यांना नेताना 'घोरण्यासाठी' म्हणू नकोस, येणार नाहीत. बीपीसाठी म्हण.

आता आमचे हे. इथे इमारतीतला जिना झाडायची पाळी असते, तिला 'केअरवोखे' म्हणतात. या भागातल्या लोकांचं हे जुनं खूळ. त्याचं मूळ थेट १४९२च्या शहराच्या कायद्यात सांगतात. महापालिकेने आपला नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण घरभाड्याच्या करारातून तो काही गेला नाही. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. आमच्या दाराला लागली की हे सोमवारी म्हणतात, 'लगेच करतो.' शनिवारी संध्याकाळपर्यंत पाटी आमच्याकडे बघत असते आणि आम्ही पाटीकडे. शेवटी मी झाडू उचलते आणि मग भांडण होतं. चांगलं तोंड सोडून होतं, फक्त रात्री दहाच्या आत उरकावं लागतं, कारण दहानंतर इथे आवाज करायचा नसतो. रविवारी सकाळी हे आल्याचा चहा करून आणतात. संपलं.

ओल्या टॉवेलचंही तसंच. तुमच्याकडे गादीवर टाकलेला टॉवेल वास मारतो. इथे थंडीत बंद घरात ओलं काही वाळत पडलं की भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घरमालक भाडेकरूला विचारतो, खिडक्या उघडता की नाही? त्यामुळे जानेवारीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. त्यावरूनही आमची जुंपते.

अमेरिकेत जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी सिएटलला नवरा-बायकोच्या जोड्या समोरासमोर बसवल्या, वादाचा विषय काढायला लावला आणि वाद चालू असताना त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. संसार पोखरणाऱ्या चार गोष्टी ते सांगतात: माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणं, तुच्छ लेखणं, दरवेळी आपलीच बाजू सावरणं आणि तोंड शिवून बसणं. त्यात तुच्छ लेखणं सगळ्यांत वाईट. ओला टॉवेल या यादीत नाही. तो उचलताना मी जे डोळे फिरवते ते मात्र आहे. तूही फिरवतेस, दाजींच्या मागे. मी पाहिलंय.

पण आपल्या घरची खोड त्या चारांत कुठे बसत नाही. सांगलीचं माणूस त्यांनी समोर बसवलं नसणार.

'काही नाही' म्हणायची खोड, ताई. २०१९च्या ऑगस्टमध्ये मी इथे रात्रभर मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराची पातळी बघत होते. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आकडा ५७ फुटांच्या वर गेलेला. बाबा फोनवर म्हणाले, 'काही नाही, गावभागात जरा पाणी आलंय.' मागून कुणीतरी 'होडी आली, होडी आली' ओरडत होतं. मी विचारलं, होडी कसली? तर म्हणाले, 'टीव्ही चालू आहे.' वीज चार दिवस नव्हती, हे मला पुढे दिवाळीत कळलं.

तेव्हा मी हसले होते. या वेळी हसू येत नाही.

एरवी आईचा व्हिडिओ कॉल म्हणजे अर्धं कपाळ, फिरणारा पंखा आणि खाली वाती वळणारे दोन हात. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, तिचं लक्ष कापसात. पाच रविवार आई नीट मधोमध दिसत होती, पासपोर्टच्या फोटोसारखी. मी तिचं कौतुक केलं, 'आई, तुला आता कॅमेरा धरता यायला लागला गं!' ती हसली. फोन तू धरला होतास, नाही का? आणि सहाव्या रविवारी तुझ्या धाकट्याने सहज सांगून टाकलं, 'मावशी, आजीचं प्लास्टर उद्या काढणार.'

तुझ्यावर माझा राग आहे. लिहूनच टाकते, म्हणजे तो डोळे फिरवण्यातून बाहेर पडणार नाही. 'तू तिथून काय करणार होतीस?' हे तुझं उत्तर मला पाठ आहे. काही केलं नसतं. रडले असते, दिवसातून पाचदा फोन केला असता, तुम्हाला वैताग आणला असता. तेवढा वैताग आणायचा माझा हक्क होता.

आणि अगदीच काही केलं नसतं असंही नाही. दिवसभराची बाई लावायचे पैसे पाठवले असते, म्हणजे सहा आठवडे तू विश्रामबाग ते गावभाग अशा दोन-दोन खेपा घातल्या नसत्यास. आणि एक प्रश्न विचारला असता, तो आता विचारते: आईच्या हाडांची तपासणी केली का? या वयात नुसतं चालता चालता पडून मनगट मोडलं, तर हाडं विरळ झालीत का ते बघावं लागतं. आज मनगट मोडलं, उद्या खुबा मोडू शकतो. प्लास्टर घालून सगळे सुटले आणि पुढचं विचारायला कुणी उरलं नाही. गोष्ट दडवायची ठरली की तिच्याबद्दल विचारणारेही कमी होतात.

मोडलं कशामुळे, तर बाबांच्या सवयीमुळे. अंघोळ झाली की उरलेली बादली फरशीवर ओतायची आणि ओल्या पायांनी निघून यायचं. चाळीस वर्षं आई मागून वायपर मारते. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आधी तिकडे गेली, आणि परत आली ती घसरलीच. तेव्हा तराजूत घालायचं तर सगळ्यांत महाग सवय बाबांचीच पडली. तरी त्यांचं पारडं मला खाली जाताना दिसत नाही. फरशी कोरडी करता येते. पण आई आता 'मी बरी आहे' म्हणाली की मी तिचे हात शोधते, आणि हात दिसले की पाय दाखव म्हणावंसं वाटतं.

हे सगळं तुला सुनावलं, आता माझं ऐक. यांच्या कंपनीत मे महिन्यापासून काम आठवड्याला तीनच दिवस आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या इथल्या कंपन्यांना मागणी नाही. माणसं काढायची नाहीत म्हणून कामाचे तास कापतात आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा काही भाग सरकारी रोजगार खातं भरून देतं, मूल असेल तर ६७ टक्के. घर चालतंय, उपाशी नाही आम्ही. पण मी तुम्हाला 'काम जोरात आहे' सांगत होते. आणि दिवाळीला येत नाही ते शाळेला सुट्टी नाही म्हणून नव्हे. तिघांच्या तिकिटांचे पैसे नाहीत. बाई लावायचे पैसे पाठवले असते असं वर लिहिलंय ना, ते कर्ज काढून पाठवले असते. तू ओरडली असतीस.

बाबांना हे तू सांग. मला त्यांच्या तोंडून 'काही नाही, होईल सगळं' ऐकायचं नाही, निदान पहिल्या फोनला तरी नाही.

पुढच्या रविवारी तुमच्या साडेसहाला, म्हणजे आमच्या तीनला फोन करते. मनगटाचा एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी तोवर पाठव. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेव, तू धरू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. बाबांना बोलून उपयोग नाही, चाळीस वर्षांत झाला नाही. वायपर न्हाणीघरात ठेवूच नका. आमच्या पाटीसारखा दाराच्या कडीला बाहेरून अडकवा, म्हणजे कडी काढताना तो आधी त्यांच्या हातात येईल.