सॉफ्ट टोरसमधला २ कुठून येतो, हे दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सॉफ्ट टोरस म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर फारसं न बदलणाऱ्या दोन ऑपरेटरांपासून बनणारं बीजगणित. त्यावरच्या आमच्या टिपणांच्या समासात तुम्ही ज्या सूचना लिहिल्यात, त्यांबद्दल मनापासून आभार. या विषयात नव्याने शिरणाऱ्यांनाही त्या उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत.

व्याख्या तशी छोटी आहे. यू आणि व्ही ही दोन युनिटरी (लांबी न बदलणारी आणि उलटवता येणारी) जनके घ्यायची. यूव्ही आणि व्हीयू यांच्या फरकाचा नॉर्म (ऑपरेटर किती मोठा, हे सांगणारी संख्या) जास्तीत जास्त एप्सिलॉन, एवढीच अट घालायची आणि त्यांचं वैश्विक सी-स्टार बीजगणित, म्हणजे ही अट पाळणाऱ्या प्रत्येक जोडीला सामावणारं ऑपरेटरांचं बीजगणित, बनवायचं. आम्ही अट ‘एप्सिलॉनपेक्षा कमी’ अशी लिहिली असती तरी काय बिघडतं, असं पहिल्यांदा वाटतं. तुम्ही समासात लिहिलंत : बिघडतं. अट पाळणाऱ्या अनंत निरूपणांची (जनकांच्या जागी प्रत्यक्ष ऑपरेटर ठेवून मिळणाऱ्या रूपांची) थेट बेरीज घेतली की नॉर्म त्यांच्या नॉर्मच्या सुप्रीममइतका, म्हणजे सगळ्यात लहान वरच्या मर्यादेइतका, होतो. तो एप्सिलॉनला टेकला की काटेकोर असमता मोडते आणि वैश्विक वस्तूच उरत नाही. जनकांचे नॉर्म बांधलेले असणंही तितकंच गरजेचं. युनिटरींच्या बाबतीत ते फुकट मिळतं, नुसत्या सेल्फ-अ‍ॅडजॉइंट (स्वतःच्याच अ‍ॅडजॉइंटइतक्या) जनकांच्या बाबतीत नाही.

एप्सिलॉन ० असेल तर टोरसवरची (मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावरची) सतत फलनं मिळतात. २ असेल तर अट गळूनच पडते, कारण कुठल्याही दोन युनिटरींसाठी तो नॉर्म २ पेक्षा जास्त होऊच शकत नाही. मग उरतं दोन जनकांच्या मुक्त गटाचं (जनकांत कसलंच नातं नसलेल्या गटाचं) पूर्ण सी-स्टार बीजगणित.

खरा उलगडा मधल्या किमतींचा. गणितज्ञ रुय एक्सेल यांची युक्ती तुम्ही तीन ओळींत मांडलीत. व्हीच्या घातांनी यूला कॉन्जुगेट करत (एका बाजूने घाताने, दुसऱ्या बाजूने त्याच्या व्यस्ताने गुणत) गेलं की युनिटरींची दोन्ही बाजूंना अनंत साखळी मिळते आणि तिच्यातल्या शेजारच्या दोघांत फरक एप्सिलॉनपर्यंतचा. एप्सिलॉन २ पेक्षा कमी असेल तर एका कडीला आधीच्या कडीच्या व्यस्ताने गुणल्यावर येणाऱ्या युनिटरीच्या स्पेक्ट्रममध्ये (आयगेन व्हॅल्यूंच्या व्यापक संचात) उणे १ येत नाही, म्हणून तिचा लॉगरिदम घेता येतो. तो हळूहळू शून्याकडे आखडत नेला की अट न मोडता सगळी साखळी एका युनिटरीवर येते. म्हणजे साखळीचं बीजगणित वर्तुळावरच्या सतत फलनांशी होमोटॉपीने (सलग बदल करत नेऊन) समतुल्य. साखळी एक घर सरकवणारं ऑटोमॉर्फिझम के-सिद्धांतात, म्हणजे बीजगणितांना ओळखखुणा म्हणून गट जोडणाऱ्या सिद्धांतात, तत्समक (काहीच न बदलणारं) ठरतं आणि हे गट काढून देणाऱ्या पिम्स्नर-व्हॉइकुलेस्कू क्रमिकेतून के-शून्य व के-एक, दोन्ही गट टोरससारखेच, पूर्णांकांच्या दोन प्रती, असे निघतात. ‘एप्सिलॉन < २’ ही अट का लागते, ते इथे कळतं.

मॅट्रिक्सच्या बाजूलाही तुम्ही तोच धागा दाखवलात. ए आणि बी या युनिटरी मॅट्रिक्स. बी, ए, बीचा व्यस्त, एचा व्यस्त या क्रमाने गुणाकार करा, त्याच्या आयगेन व्हॅल्यूंचे कोन उणे पाय ते पाय या पट्ट्यात मोजा, बेरीज दोन पायने भागा. डिटरमिनंट १ असल्याने उत्तर पूर्णांक येतं. कॉम्प्युटरवर ते अपूर्णांक दिसलं तर गणित कुठेतरी चुकलंय. आयगेन व्हॅल्यू उणे १ जवळ आली तर मात्र कोन पायवरून उणे पायवर उडी मारतो आणि राउंडिंगच्या चुकीने उत्तर एकाने बदलतं. आयगेन व्हॅल्यू उणे १ होते ती कम्यूटेटरचा (एबी वजा बीए याचा) नॉर्म २ ला टेकतो तेव्हाच; तोच २ इथे पुन्हा भेटतो.

व्हॉइकुलेस्कू यांच्या १९८३ च्या जोडीवर, म्हणजे चक्रीय शिफ्ट आणि एककाच्या मुळांची कर्ण मॅट्रिक्स यांवर, हा आकडा क्रमानुसार १ किंवा उणे १ येतो. कम्यूट होणाऱ्या, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच देणाऱ्या, जोडीचा तो ०. आकार १०० असेल तर कम्यूटेटरचा नॉर्म फक्त ०.०६२८. तरीही एक्सेल-लोरिंग यांच्या १९८९ च्या अंदाजानुसार कम्यूट होणारी कोणतीही जोडी घ्या, दोनपैकी एक तरी मॅट्रिक्स मूळ मॅट्रिक्सपासून ०.३९ पेक्षा जास्त दूर राहते. सूत्र तुम्हीच तपासून घ्यायला लावलंत : २ मधून कम्यूटेटरचा नॉर्म वजा, वर्गमूळ, वजा १. आकार ७ पासून पुढे ते धन असतं. सेल्फ-अ‍ॅडजॉइंट मॅट्रिक्सच्या जोड्यांना असा अडथळा नाही, हे लिन यांचं प्रमेय. ही तुलना शेजारी ठेवल्यामुळे युनिटरींचं वेगळेपण लगेच नजरेत भरतं.

सुधारलेली टिपणं सोबत पाठवतो आहोत. आयलर्स-एक्सेल यांचा निकाल (सॉफ्ट टोरसला वेगवेगळे घटक ओळखता येतील इतकी सान्त-मितीय, म्हणजे मॅट्रिक्सच्या रूपातली, निरूपणं असतात) शेवटच्या भागात घातला आहे. तिथेही समास मोठा ठेवलाय.

आपले,
ऑपरेटर बीजगणित अभ्यासगटातील विद्यार्थी