रोपवाटिकेतल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

उरुळी कांचनच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या तुमच्या रोपवाटिकेत लहानथोर सगळे तुम्हाला मावशीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. आमच्या गॅलरीतल्या टोमॅटोला घोसाने फळं लागलीत. तुमचे आभार मानल्याशिवाय ती खाणं मला बरं वाटेना.

पहिले आभार तुम्ही न विकलेल्या रोपांचे. फुलं आलेली उंच रोपं समोरच होती आणि त्यांचे पैसेही तुम्हाला जास्त मिळाले असते. पण तुम्ही म्हणालात, "ताई, यांची मुळं ट्रेमध्येच गुंडाळली गेलीत, ही आता जोर धरायची नाहीत." आणि महिनाभराची, वीतभर उंचीची, जाड खोडाची रोपं माझ्या हातात ठेवलीत. नव्या माणसाच्या अज्ञानावर धंदा न करणं ही मोठी गोष्ट आहे, मावशी. लावताना खालची पानं खुडून खोड खोल गाडायलाही तुम्हीच शिकवलंत. टोमॅटोचं खोड मातीत गेलं की तिथूनही मुळं फुटतात, हे मला कुठे ठाऊक होतं! काठी मात्र रोपासोबतच रोवायची, नंतर रोवली तर मुळं दुखावतात, हेही तुमचंच.

"रोज सकाळी पानं उलटी करून बघा," असं तुम्ही बजावलं होतंत. त्यामुळेच पांढरी माशी वेळेवर दिसली. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगलं, निंबोळी अर्क फवारला. तरी एका झाडाची शेंड्याची पानं आकसून वर वळली. फोटो पाठवला तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांच्या गर्दीतून फोन केलात. "बोकड्या आहे. याला औषध नाही. जीव अडकवू नका, उपटा." कळ्यांनी भरलेलं झाड होतं ते. उपटताना डोळ्यांत पाणी आलं, पण रोग माशीबरोबर पुढे गेला नाही आणि बाकीची झाडं वाचली. तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली असतीत तर आज एकही उरलं नसतं.

पुढे काही फळांच्या बुडाशी काळे डाग पडले. एका दुकानात लगेच कॅल्शियमची बाटली पुढे करण्यात आली. तुम्ही एवढंच विचारलंत, "माती दुपारी कोरडी पडते का?" पडत होतीच. कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं, पाणी कमी-जास्त झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. वाळलेल्या पाल्याचं आच्छादन केलं, पाण्याची वेळ बांधली, आणि नंतरची फळं स्वच्छ आली. बाटलीची गरजच पडली नाही. आमच्या मजल्यावर माश्या-भुंगे फारसे येत नाहीत, म्हणून सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारायची तुमची युक्तीही चालू आहे. त्या हादऱ्याने पराग खाली झडतो आणि फळ धरतं.

मोबाइलवर उपाय सांगणारे शेकड्यांनी आहेत. झाड न बघता, ऊन कुठून येतं हे न विचारता सांगतात सगळे. तुम्ही प्रत्येक वेळी आधी विचारलंत आणि मग सांगितलंत. मला झाड वाचता यायला लागलं ते तुमच्या त्या प्रश्नांमुळे.

तुम्ही संकरित वाण न देता राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं धनश्री दिलं होतंत, घरी बी धरता यावं म्हणून. सगळ्यात निरोगी झाडाची पूर्ण पिकलेली फळं त्यासाठी राखून ठेवली. गर दोन दिवस आंबवून, धुऊन बी सावलीत वाळवलंय. त्यातलं निम्मं तुमच्या ट्रेसाठी आहे. रविवारी घेऊन येते, सोबत सारापुरते टोमॅटोही आणते.

तुमची,
गॅलरीवाली ताई