सातव्या दिवसानंतरही जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात मृत्यू झाला आणि पंधरा दिवसांत माणूस पुन्हा पालिकेत, दवाखान्यात किंवा शाळेत कामाला लागला, की आपण 'किती कणखर!' म्हणतो. तो कॅथलिक असेल तर 'श्रद्धा मोठी' अशी पुस्तीही जोडतो. श्रद्धा असली की दुःख होत नाही, हा समज चुकीचा आहे. खुद्द येशूने क्रूसावरून 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असे विचारले. ती बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. तेव्हा शोकातल्या माणसाने देवाला जाब विचारला, तर 'देवाची इच्छा' म्हणून त्याला गप्प करू नये.

सावरतो तो नेमाने आणि सोबतीने. जपमाळच घ्या. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, माळेत लहान मणी ५३, मोठे ६. लहान मण्याला येशूची आई मारिया हिची प्रार्थना, मोठ्याला प्रभूने शिकवलेली. सगळी माळ व्हायला साधारण वीस मिनिटे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग, मनात घेतात, गेथशेमनीच्या बागेपासून क्रूसावरच्या मरणापर्यंत. मंडळी जमली की प्रार्थनेचा पूर्वार्ध एक जण म्हणतो, उत्तरार्ध बाकीचे. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचा गळा मध्येच दाटतो, मणी बोटांत तसाच थांबतो. पण उत्तरार्ध बाकीच्यांच्या तोंडून पुरा होतो, आणि त्यात आमच्या मरणाच्या वेळीही आमच्यासाठी विनंती कर, हे मागणे दर मण्याला येते. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा हे तयार शब्द धरून ठेवतात. एकट्याने म्हणायला बसले, तर पहिल्या दशकातच मन भरकटते.

अमेरिकेचे कॅथलिक माजी अध्यक्ष ज्यो बायडन यांची पत्नी आणि तान्ही मुलगी डिसेंबर १९७२ मध्ये अपघातात गेली. जखमी मुलगे होते त्या रुग्णालयातच त्यांनी जानेवारी १९७३ मध्ये सिनेटची शपथ घेतली. २०१५ मध्ये मोठा मुलगा बो कर्करोगाने गेला. त्याची जपमाळ ते मनगटावर घालतात. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असोत, ही माळ समजण्यासारखी आहे. सेवेतही हीच सोबत लागते. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या, गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे लोक गरिबांच्या घरी जातात ते जोडीने. ओझानाम यांचे डॉक्टर वडील १८३७ मध्ये एका गरीब रुग्णाच्या घरी जिन्यावरून पडून गेले. मुलाचे काम थांबले नाही.

चुकते ते इथे: सोलापुरात सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) घर भरलेले असते, आठव्या दिवशी दारावर कोणी नसते. खरी सोबत तेव्हापासून हवी. कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी तिसाव्या दिवसाच्या मिस्सेसाठी त्या माणसाला तासभर मोकळा वेळ द्यावा, जमल्यास स्वतःही जावे. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. कबरी झाडून-पुसून मेणबत्त्या लावतात, प्रार्थना होते. तिथेही शेजाऱ्याने सोबत केली तर चालते. मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत मात्र कॅथलिक नसलेल्यांनी उभे राहू नये. आपल्या जागी शांत बसावे, कोणाला त्यात अनादर वाटत नाही.

एक कॅथलिक वाचक,
रेल्वे लाईन्स, सोलापूर