बलकाचा रंग आणि कवचाची ताकद

महोदय,

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात ओवा, लसूण, हळद अशी वनस्पतिजन्य पूरके मिसळली जातात, याचे मी मनापासून स्वागत करतो. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर बंदी घातल्यावर तर या पर्यायांचे महत्त्व वाढलेच. मात्र झेंडूच्या अर्काने बलक गडद होतो तो त्यातील ल्युटीन या पिवळ्या रंगद्रव्यामुळे, जे कोंबडीच्या शरीरात तयार होत नाही आणि खाद्यातूनच बलकात उतरते. हा रंग कसदारपणाची खूण नव्हे. उचलताच बोटाखाली दबणारे पातळ कवच केवळ अर्काने सुधारणार नाही, कारण एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीच द्यावी लागते. पूरकांच्या पिशवीवर सक्रिय घटकांचे प्रमाण स्पष्ट छापावे, ही कळकळीची मागणी आहे.

– एक कुक्कुटपालक