समुद्र नसलेल्या गावातून

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे होते तसेच आहेत. पत्राचे कारण वेगळे आहे, आणि ते नीट समजेल असा तुझ्याखेरीज कोणी नाही. विश्वामित्री नदीतून समुद्राकडे वाहत जाणारे प्लास्टिक अडवण्याचे काम संशोधक आणि काठावरची वस्ती यांनी मिळून करावे, असे येथे ठरते आहे. परवा त्याची पहिली बैठक झाली आणि तेव्हापासून मला चैन नाही.

"बडोद्याला समुद्र कुठे आहे?" असे तू कमाटीबागेत मला दर वेळी ऐकवायचास आणि आपले भांडण घरी पोहोचेपर्यंत चालायचे. पावागडच्या डोंगरातून निघालेली आपली नदी ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जाते, एवढेच उत्तर तेव्हा माझ्यापाशी होते. आता त्याला आधारही मिळाला आहे. समुद्रात जाणाऱ्या नदीवाटेच्या प्लास्टिकला मोजक्या महानद्या कारण आहेत, असे पूर्वी मानत. २०२१ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासाने हा अंदाज बदलला: त्यातला ८० टक्के भाग १,०००हून अधिक नद्या मिळून वाहून नेतात आणि शहरांतून जाणाऱ्या लहान नद्यांचा त्यात मोठा वाटा आहे. हे वर्णन आपल्या विश्वामित्रीचेच आहे, बापू. २०२४च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर काठच्या झाडांच्या फांद्यांना लोंबणाऱ्या पिशव्या मी पाहिल्या आहेत; जे अडकले नाही ते कोठे गेले असेल, हे वेगळे सांगायला नको.

बैठकीत एका तरुण संशोधकाने योजना समजावून दिली. पुलाच्या खालच्या अंगाला तरता अडसर बांधायचा, साठलेला कचरा वस्तीतल्या लोकांनी काढायचा आणि त्याचे वजन नोंदवायचे. त्यावर काठावर वर्षानुवर्षे कचरा वेचणाऱ्या एका मावशींनी दोन गोष्टी सांगितल्या. तुम्ही दाखवता त्याच उतारावर थंडीत मगर उन्हाला येऊन पडते, तेव्हा तेथे उतरणार कोण, ही पहिली. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटली. बाटल्या आम्ही नदीत जाऊच देत नाही, कारण भंगारवाला त्यांचे पैसे देतो. जातात त्या वेफर्सच्या आणि शाम्पूच्या पुड्या, कारण त्या कोणी घेत नाही, आणि तुमच्या काट्यावर त्यांचे वजन भरायचे नाही, असे त्या म्हणाल्या.

संशोधकाने ते तत्परतेने लिहून घेतले, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. परंतु आयोजकांनी "हे जनजागृतीच्या टप्प्यात पाहू" असे म्हणून विषय संपवला. जागृती कोणाची करायची? त्या पुड्यांमध्ये प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून त्यांना भाव नाही. उन्हापाण्याने त्यांचे तुकडे होत जातात, आणि पाच मिलिमीटरहून लहान झालेला तुकडा ना अडसराला सापडतो ना हाताला. नोंद केवळ किलोंमध्ये झाली, तर अहवालात काम यशस्वी दिसेल आणि पुड्या मात्र खंभातला पोहोचत राहतील. माणसांना हातमोजे आणि टोप्या देऊन छायाचित्रात उभे करायचे आणि त्यांना जे ठाऊक आहे ते नोंदीबाहेर ठेवायचे, याला मी सहकार्य म्हणू शकत नाही.

हे दुसऱ्या रीतीने होऊ शकते. केरळात २०१७ साली सुरू झालेल्या 'शुचित्व सागरम्' योजनेत कोल्लमच्या मच्छीमारांना वेगळे काम सांगितले नाही. जाळ्यात येणारे प्लास्टिक पुन्हा समुद्रात न टाकता पिशवीत भरून बंदरावर आणायचे, एवढेच. तेथे स्त्रिया ते धुऊन निवडत, त्याबद्दल मजुरी घेत, आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात जाई. आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही असे घडले आहे. ज्या व्हेल शार्कची तेथे शिकार होत असे, तो रामकथाकार मोरारीबापूंनी माहेरी आलेल्या लेकीसारखा मानायला सांगितल्यावर मच्छीमार त्याला जाळी कापून सोडू लागले. पुढे त्यांच्याच हाती कॅमेरे दिले गेले, आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे कापलेल्या जाळ्यांच्या भरपाईसाठी पुरावा आणि शास्त्रज्ञांसाठी माहिती ठरली.

तू वकील, तू म्हणशील की कायदा आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरच्या १ जुलै २०२२च्या बंदीची यादी मी वाचली आहे. त्यात स्ट्रॉ, चमचे, पेले, कानकाड्या आहेत. वेफर्सची पुडी नाही.

धाकटीला मुलगा झाल्याचे काकूंकडून कळले, फार आनंद झाला. तिला आशीर्वाद सांग.

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे: मोजणी वजनासोबत नगांनी आणि प्रकारवार व्हावी, निवडण्याच्या कामाला रोजंदारी मिळावी, आणि अडसराची जागा मावशींना विचारून ठरावी. त्यासाठी तुझे एक काम आहे. तुमच्या अलिबागच्या शेजारच्या, मासेमारीच्या होड्या चालवणाऱ्या तांडेलांना विचार की पहिल्या पावसानंतर डोल जाळ्यात मासळीबरोबर काय काय येते, त्यात पुड्या किती आणि बाटल्या किती, आणि कोणत्या पुडीवर गुजराती अक्षरे दिसतात का. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, काटछाट न करता लिहून पाठव. बैठकीत मी ते जसेच्या तसे वाचून दाखवीन.

तुझा,
अण्णा