तोडलेल्या उतरणीवरून

देवरुख,
६ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघा दर पावसाळ्यासारखा दुखतो आहे. आज लिहितो आहे ते सड्याखालच्या रानाविषयी, कारण त्यातले दुःख तुझ्याखेरीज कोणाला कळेलसे वाटत नाही.

दादांनी हिवाळ्यात निम्मी उतरण ठेकेदाराला दिली. ऐन, किंजळ, जांभूळ सगळे बुंध्यापासून गेले आणि ओंडक्यांमागोमाग फांद्याही सरपण म्हणून गेल्या. पाऊस लागल्यावर रात्री तिकडे गेलो, तर देवरहाटीच्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानाच्या, बाजूला झुडपी बेडकांची टिकटिक नेहमीसारखी चालू होती. तोडलेल्या भागात मात्र एकही आवाज नव्हता. खाली शेतात मोठे बेडूक ओरडत असल्यामुळे वाडीत कोणालाच काही उणे वाटत नाही. पण शेतातल्या बेडकाला साचलेले पाणी मिळाले की भागते. झुडपी बेडकाला बेडूकमाशाची अवस्थाच नसते. पाचोळ्यात, मातीत किंवा पानांवर घातलेल्या अंड्यातूनच इवलासा पुरा बेडूक बाहेर येतो, आणि तोवर ते अंडे ओले राहावे लागते. सावली गेली, पातेरा वाळला, की पाऊस दोन दिवस उघडला तरी ती वीण संपते. पूर्ण वाढलेल्या झुडपी बेडकांनाही कातडीतून श्वास घ्यायचा असतो, म्हणून तापलेली उघडी जमीन त्यांना ओलांडवत नाही. मातीत राहणाऱ्या, बेडकांच्याच गोतावळ्यातल्या बिनपायांच्या देवगांडुळांचे काय झाले असेल, या विचाराने तर झोप लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून त्यांची एक नवी जाती जगापुढे आली ती २००३ मध्ये, म्हणजे जमिनीखाली काय आहे याची ओळख आपल्याला आत्ता कुठे होऊ लागली आहे.

देवरहाटीच्या पायऱ्यांवरचे आपले भांडण आठवते ना? माझ्या वाटणीची भाकरी खात खात तू बजावले होतेस, की बुंध्याला फुटवा येतो, रान पुन्हा उभे राहते. झाडांपुरते तुझे खरेच आहे. या जूनमध्येही ऐनाला फुटवा आला आहे. पण अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत, सरसकट तोडीनंतर फुप्फुसे नसलेल्या, म्हणून कातडीतूनच श्वास घेणाऱ्या सॅलॅमँडरांचे (पालीसारखे दिसणारे, बेडकांच्या गोतावळ्यातले प्राणी) काय होते, हे पेट्रांका आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले आहे: जुन्या रानात ते नुकत्याच तोडलेल्या भागाच्या सुमारे पाचपट सापडले, आणि पूर्ववत व्हायला ५० ते ७० वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाज फार मोठा आहे असे म्हणणाऱ्या ॲश यांनीही १९९७ मध्ये २० ते २४ वर्षे सांगितली. आपल्याकडे खाजगी रान दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा कुऱ्हाडीखाली येते. म्हणजे तुझ्या बाजूने कमीत कमी आकडा धरला, तरी मधली मुदत पुरत नाही.

उरलेली निम्मी उतरण दादा यंदा देणार आहेत. पैशांची गरज खरी आहे, म्हणून तोडूच नका असे मी म्हणत नाही. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांचा पट्टा राखावा, मधूनमधून मोठी झाडे उभी ठेवावीत, कुजके ओंडके आणि बारीक फांद्या जागीच राहू द्याव्यात, एवढेच त्यांना सांग. माझे ते ऐकत नाहीत. तुझा शब्द त्यांनी कधी मोडलेला नाही.

मनूच्या निकालाबद्दल अभिनंदन. पुण्यात प्रवेश झाला का, कळव. नव्या घराचे काम कुठवर आले? वहिनींना नमस्कार. दादांशी गणपतीपूर्वी बोल, कारण त्यानंतर ठेकेदार विसार देऊन जाईल.

तुझा,
विनायक