काडी मोडून खिशात ठेवली, काकाजी

काकाजी,

सादर नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून नागपूरला पाठवता आलं असतं. पण आभाराचा शब्द तुम्हाला सहन होत नाही. डिसेंबरात शेवटच्या दिवशी मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही "बस झालं बाबू, चहा घे" म्हणून आत निघून गेलात. शिवाय त्या रात्री मंडपात नाटक पाहायला बसलेल्या लोकांनाही कळायला हवं, की त्यांनी पाहिलेला नाटकातला साहेब कोणाच्या अंगणात तयार झाला. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलात आणि नाटक तुमच्याविना झालं. ते कसं झालं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. मी सांगतो, पण आधी थोडं मागचं, कारण वाचणाऱ्या इतरांना ते ठाऊक नाही.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री आमच्या गावात हौशी मंडळींचं नाटक होतं. यंदाचं नाटक आमच्या गुरुजींनीच लिहिलं होतं, विषय १९३० चा जंगल सत्याग्रह. त्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदकडे राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, आणि विदर्भात ठिकठिकाणी माणसं विळे घेऊन जंगलात शिरली. गुरुजींनी तो प्रसंग कल्पनेनं आपल्या झाडीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका गावात आणून ठेवला. माझ्या वाट्याला गोरा जंगल अधिकारी आला. तिसऱ्या अंकात गावकरी विळे घेऊन समोर उभे आहेत, जमादार हुकूम मागतो आहे, आणि नाटकाच्या वहीत एवढंच लिहिलेलं: "साहेब पाइप भरतो. पेटवतो. विचार करतो." पुढचं वाक्य थेट दुसऱ्या पानावर.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माझी अडचण लगेच कळेल. दिवाळीनंतर वडशाच्या व्यावसायिक नाटक मंडळ्या आज या गावात, उद्या त्या गावात असतात, तालमीला वेळ कुठला? बाजूला बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सोडतो आणि नट ते उचलतो. आम्ही हौशी माणसंही त्याच वळणावर वाढलो. शब्द मिळाला की आम्ही मैदान मारतो. पण या प्रवेशात उचलायला शब्दच नव्हता. हातात फक्त एक पाइप, आणि तो कसा धरतात हेही मला माहीत नव्हतं.

नाटकाचे कपडे-सामान पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्यानं दिलेल्या पाइपात मी चार बिड्या फोडून त्यांची तंबाखू ठासली आणि गोठ्यामागे बसून ओढली. माझा आजा चिलीम ओढायचा. दोन्ही हातांची ओंजळ, साफीचं ओलं फडकं, आणि छाती भरून दम. मला तेवढीच रीत ठाऊक होती. चार दमांत डोकं गरगरलं, जीभ पोळली, रात्री जेवण गेलं नाही. आणि पाइप विझलेलाच. गुरुजी म्हणाले, नुसता दातात धरा, लोकांना काय कळते. ते मला पटलं नाही. लोकांना कळतं. धान मळून थकलेला माणूस थंडीत तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, बसून पहाटेपर्यंत नाटक पाहतो, त्याला सगळं कळतं.

तुमचं नाव आमच्या सोसायटीच्या चौकीदारानं सांगितलं. रेंजर साहेब पूर्वी पाइप ओढायचे, आता सोडला आहे, पण असेल घरात.

मी आलो तेव्हा तुम्ही अंगणात मोहाच्या पाटावर बसून चष्मा पुसत होता. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोललात, "आधी तोंडातला खर्रा थुकून ये." मी खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी खिशात ठेवून चूळ भरून आलो. मग तुम्ही सांगितलं, की तुम्हाला कोणी वरिष्ठानं ही सवय लावली, तीस वर्षं टिकली, आणि तोंडात पांढरा चट्टा दिसल्यावर डॉक्टरांच्या एका वाक्यावर सुटली. "लोक म्हंतेत, पाइपाचा धूर छातीत घेत नाई म्हून काई होत नाई. खोटं हाय ते. तोंडाले होते, जिभेले होते. तू सवय लावाले आला असशीन तर परत जाय. काम शिकाले आला असशीन तर बस." आणि अट घातली: चार दिवस, रोज पाइपाची एकच वाटी ओढायची, पाचव्या दिवशी तंबाखू बंद.

त्या चार संध्याकाळी मी आयुष्यभर विसरणार नाही.

पहिली संध्याकाळ तर आगपेटीला हातच लागला नाही. तुम्ही कपाटातून फडक्यात गुंडाळलेला पाइप काढला आणि तो कशाचा आहे ते सांगितलं. भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांत एरिका नावाचं झुडूप असतं, त्याच्या मुळाशी जमिनीत गाठ वाढते, तिला ब्रायर म्हणतात. ती गाठ कापून, तासन् तास पाण्यात उकळून, महिनोन् महिने वाळवून मग कोरतात, म्हणून आतला निखारा तिला सहज जाळत नाही. जन्मभर सागवान, ऐन, धावडा मोजलेल्या माणसाचा हात त्या लाकडावरून फिरताना मी पाहत होतो. वाटीच्या आत काजळीचा थर होता, रुपयाच्या नाण्याएवढा जाड. तो खरवडून टाकायचा नसतो, तोच लाकडाला सांभाळतो, पण फार वाढू दिला तर वाटी तडकते, हेही तेव्हाच कळलं. आणि गरम असताना नळी कधी उपसायची नाही, सांधा फाटतो.

तुमच्या डब्यातली जुनी तंबाखू खडखडीत झाली होती. ती तुम्ही ताटलीत पसरून ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी चिमटीत दाबून दाखवलं: दाबल्यावर गोळा होऊन राहिली तर ओली, कुरकुरली तर कोरडी, हळूच उलगडली तर बरोबर. ओली असली की पेटत नाही आणि वाफेनं जीभ भाजते. कोरडी असली की भडकते आणि तरीही जीभ भाजते. मी गोठ्यामागे बसून काय काय चुकलो ते एकेक करून उमगत गेलं.

मग भरणं. "पयली चिमूट लेकराच्या हातानं, दुसरी मायच्या हातानं, तिसरी बापाच्या हातानं." खाली सैल, मध्ये जरा दाबून, वर घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता ओढून पाहायचं, हवा जराशी अडून आली पाहिजे. मी सहा वेळा भरला आणि सहाही वेळा तुम्ही उलटा करून रिकामा केलात. सातव्यांदा तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसती आगपेटी पुढे केलीत. त्या न बोलण्याचा मला किती आनंद झाला ते तेव्हा सांगता आलं नाही.

काडी पेटल्यावर तिचं गंधक जळून जाऊ द्यायचं, मग ज्योत वाटीच्या काठाला न लावता वरून गोल फिरवायची. पहिल्या पेटीला तंबाखू फुगून वर येते. ती पेट टिकवायची नसतेच. तुमच्याकडच्या त्या चपट्या डोक्याच्या खिळ्यानं ती हलकी बसवायची, आणि मग दुसरी काडी, ती खरी. मी मात्र पहिल्याच पेटीला टिकवायला जोरजोरात ओढत सुटलो. तुम्ही माझ्या हातातून पाइप काढून घेतलात. रागानं नाही. म्हणालात, "चिलीम ओढतेत, बिडी ओढतेत. पाइप ओढत नाईत बाबू, राखतेत." आणि खाली बोट दाखवलं, अंगणातल्या चुलीत राखेखाली दाबून ठेवलेल्या गोवरीकडे. ती विझलीही नव्हती आणि जळतही नव्हती. तसाच निखारा वाटीत ठेवायचा. चहा किती गरम आहे ते ओठानं पाहतो तेवढाच घोट घ्यायचा, धूर गालातच ठेवून सोडायचा, आणि मध्येच उलटा हलका श्वास नळीत द्यायचा. वाटी गालाला लावून पाहायची. चटका बसला तर घाई झाली, खाली ठेवून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी नळीत गुडगुड व्हायला लागली. ती आत साठलेली ओल. तुम्ही पाइपाची तार नळीतून फिरवून काढलीत, लगेच आवाज बंद. त्याच दिवशी माझा पाइप चार वेळा विझला आणि मी ओशाळून तुमच्याकडे पाहिलं. "इझला तर इझला. पुन्हा लाव. इझल्यावर जो मानूस घाबरते, त्याचा साहेब होत नाई." काकाजी, नट म्हणून मला आजवर जे काही सांगितलं गेलं, त्यात एवढं उपयोगाचं दुसरं काही नाही.

आणि काडी. प्रत्येक काडी तुम्ही विझवून, मधून मोडून, दोन्ही तुकडे बोटांनी चाचपून शर्टाच्या खिशात टाकायचात. अंगणात, मातीवर, जिथं काहीच पेटणार नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, जंगलातल्या नोकरीत वणवे फार पाहिले. काडी गरम असेल तर मोडताना बोटाला कळतं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि तेवढ्यातून डोंगर जातो. नंतर मीही न सांगता काड्या मोडू लागलो.

पाचव्या दिवशी तुम्ही डबा बंद केलात. मंडपात खाली तणस, चहूकडे कापड, पुढच्या रांगेत लेकरं. "तिथं धूर काढाचा नाई." मला वाईट वाटलं होतं, खरं सांगतो. इतकं शिकून रिकामा पाइप? पण तुम्ही रिकाम्या पाइपावर माझ्याकडून तोच सगळा खेळ करून घेतलात, दहा दिवस, कधी कधी अंधार पडेपर्यंत. चिमूट, दाब, हवा पाहणं, काडी, खिळा, दुसरी काडी, घोट. एकदा मी खिळा विसरलो तर म्हणालात, "आता फुगून बाहेर आली असती." तुम्हाला रिकाम्या वाटीत तंबाखू दिसत होती. नंतर मलाही दिसायला लागली.

आता त्या रात्रीचं. तिसरा अंक लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. जमादारानं हुकूम मागितला. मी पाइप काढला. आमच्या प्रॉम्प्टरला वाटलं मी वाक्य विसरलो. त्यानं पुढचं वाक्य एकदा सोडलं, दुसऱ्यांदा सोडलं, तिसऱ्यांदा तर पुढच्या रांगांना ऐकू गेलं असेल. मी भरत राहिलो. लेकराचा हात, मायचा हात, बापाचा हात. ऑर्गनवाल्यानंही सूर थांबवला. काडी ओढली, गंधक जळू दिलं, वरून फिरवली, खिळा लावला, दुसरी काडी. समोर विळे घेतलेली आमचीच पोरं उभी होती आणि त्यांच्यातला एक खरोखर घाबरलेला दिसला. मी पहिला घोट घेतला आणि वाटी गालाला लावून पाहिली. मंडपात कोणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण मला घाई वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर उभं राहून मला घाई वाटली नाही.

टाळ्या पुढच्या वाक्याला पडल्या, ते वाक्य गुरुजींचं. ते चांगलंच आहे.

पहाटे मेकअप पुसत होतो तेव्हा एक म्हातारा वनमजूर आत आला, शेजारच्या गावचा. मला नीट न्याहाळून त्यानं विचारलं, "तुमी जंगल खात्यात होते का?" मी नाही म्हटलं. तर म्हणाला, "मंग काडी मोडून खिशात कायले ठेवली?"

मला आठवतच नव्हतं. कोटाच्या खिशात हात घातला तर चार तुकडे निघाले. मी त्याला तुमचं नाव सांगितलं. तो तुमच्या हाताखाली दोन उन्हाळे वणवा अडवायच्या जाळरेषा काढायला होता म्हणे. नाव ऐकून त्यानं दोन्ही हात जोडले, मला नाही, तुम्हाला. तो नमस्कार माझ्याकडे राहिला आहे, या पत्रातून पोचवतो.

खर्रा पूर्ण सुटला असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. तुमच्या अंगणातले ते दोन तास सुटला होता. अजूनही संध्याकाळी त्या वेळेला पन्नीकडे हात जात नाही. पाइपाची तंबाखू मात्र त्या चार दिवसांनंतर तोंडाला लागली नाही, लागणारही नाही. तो शब्द तुम्हाला दिला होता.

काकाजी, तुम्ही सोडलेली वस्तू माझ्यासाठी पुन्हा कपाटातून काढलीत. तिचा वास चार दिवस तुमच्या अंगणात होता आणि तुम्ही एकही घोट घेतला नाहीत, नुसते शेजारी बसून राहिलात. ते किती अवघड गेलं असेल ते मला तेव्हा सुचलं नाही, घरी परतताना सायकलवर सुचलं. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

पाइप माझ्याकडेच आहे. नळी थंड झाल्यावर काढली, तार फिरवली, त्याच फडक्यात गुंडाळून धानाच्या कोठीवर ठेवला आहे. खिळाही सोबत आहे. डोळ्यांची पट्टी निघाली की कळवा. गावी येणार असाल तर कपाटात ठेवून देतो, नाहीतर गोंदियाहून गाडी पकडून नागपूरला घेऊन येतो. येताना यंदाचा नवा तांदूळ आणतो आहे, त्याला नाही म्हणू नका. काकूंना नमस्कार.

तुमचा,
गोऱ्या साहेबाचं काम करणारा बाबू
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया